बटलरच्या मैदानावरचा पहिला मथळा

बटलरकर

आमच्या घरापासून पेन्सिल्वेनियातल्या बटलरचं फार्म शो मैदान गाडीनं अर्ध्या तासावर आहे. दर ऑगस्टात तिथं गुराढोरांचं प्रदर्शन भरतं. मुलं लहान होती तेव्हा आम्ही न चुकता जायचो. १३ जुलै २०२४ला, शनिवारी, तिथं ट्रम्प यांची सभा होती. ऊन असं तापलं होतं की लोकांना रांगेतच भोवळ येत होती. शेजारचे नवरा-बायको सकाळपासून गेले होते. मी घरी टीव्हीसमोर, हातात चहा.

संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं. ट्रम्प पडद्यावरच्या सीमेच्या आलेखाकडे मान वळवून बोलत होते. फटाफट आवाज आले. त्यांचा हात कानाकडे गेला आणि ते खाली बसले. अंगरक्षकांनी त्यांच्यावर झेप घेतली. ते उभे राहिले तेव्हा कानापासून गालावर रक्ताचे ओघळ आलेले. मूठ वर. हे सगळं मी आणि बायकोनं थेट पाहिलं, तसं जगभर लाखोंनी पाहिलं.

थोड्या वेळानं मुलाचा मेसेज. तो कोलंबसला शिकतो. "बाबा, ट्रम्प स्टेजवर पडले का?" मी म्हटलं, अरे पडले काय, गोळी लागलीये त्यांना! त्यानं सीएनएनच्या पानाचा फोटो पाठवला. सभेत पडल्यानंतर सीक्रेट सर्व्हिसनं, म्हणजे अंगरक्षकांच्या सरकारी दलानं, ट्रम्प यांना घाईनं मंचावरून हलवलं, अशा अर्थाचा मथळा. वॉशिंग्टन पोस्टवर पाहिलं तर मोठे आवाज झाल्यानंतर त्यांना बाजूला नेण्यात आलं, असं. रक्तबंबाळ माणसाचं चित्र टीव्हीवर आणि खाली लिहिलंय "पडले".

तो फोटो मी अजून ठेवलाय. आज धागा काढायचं कारण, परवा एका घरगुती जेवणाला मी हा विषय काढला तर एक जुने मित्र म्हणाले, "तुम्हा उजव्यांना सगळीकडे कटच दिसतो. पहिल्या दहा मिनिटांतला मथळा तो, नंतर बदलला ना?" बदलला, मान्य. सीएनएनच्या कुणा संपादकाच्या मनात काळंबेरं होतं असंही मी म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते जेवणाच्या पानावर नीट मांडता आलं नाही, म्हणून इथं लिहितो.

पत्रकारानं सावध असावं हे मला पटतं. पण सावधपणाचं माप सगळ्यांना एकच हवं. अमेरिकेतल्या मोठ्या माध्यमांत ते एक नाही. संशयाचा फायदा कुणाला द्यायचा हे माणूस बघून ठरतं. आपल्याकडे म्हणतात ना, मापात पाप, अगदी तसं. दुकानदार धान्य चांगलंच देतो, खडे मिसळत नाही, फक्त तागडीखाली काहीतरी चिकटवलेलं असतं.

उदाहरण देतो. १४ ऑक्टोबर २०२०. न्यूयॉर्क पोस्टनं डेमोक्रॅट उमेदवार जो बायडन यांचे चिरंजीव हंटर बायडन यांच्या लॅपटॉपमधल्या ईमेलांची बातमी छापली. १८०१मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टननं काढलेलं हे वर्तमानपत्र. ट्विटरनं त्या बातमीची लिंकच पाठवू दिली नाही आणि त्या पेपरचं खातं दोन आठवड्यांच्या आसपास कुलूपबंद ठेवलं. निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली! १९ तारखेला गुप्तचर खात्यांतल्या ५१ माजी अधिकाऱ्यांचं पत्र आलं, त्यात सीआयएचे माजी प्रमुखही होते. यात रशियन कारवाईच्या सगळ्या खुणा दिसतात, असं त्यांनी लिहिलं. त्याच पत्रात पुढं होतं की रशियाचा हात असल्याचा पुरावा आमच्याकडे नाही. पॉलिटिको या वृत्तस्थळाच्या मथळ्यात पहिलं वाक्य आलं, दुसरं गळलं. २२ ऑक्टोबरच्या वादसभेत बायडन यांनी त्या पत्राचा आधार घेतला. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी त्यातले ईमेल खरे असल्याचं सांगितलं ते मार्च २०२२मध्ये. आणि जून २०२४मध्ये तोच लॅपटॉप सरकारी वकिलांनी डेलावेअरच्या कोर्टात पुरावा म्हणून मांडला.

म्हणजे एकीकडे डोळ्यांसमोर रक्त दिसतंय तरी "आवाज झाले" इतकंच लिहायचं, खात्री होईपर्यंत थांबायचं. दुसरीकडे पत्र लिहिणारेच पुरावा नाही म्हणतायत, तिथं मात्र थांबायचं नाही. दोन्हींतला एक नियम मला कुणी समजावून सांगावा.

मी इथं रिपब्लिकनांना मत देतो हे लपवत नाही. पण हा प्रश्न मताचा नाही. चर्चा व्हावी.

उपसंपादिका

बटलरकर, मी ११ वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळी केली आहे, म्हणून तुमच्या पहिल्या मुद्द्यावर असहमती नोंदवते.

फ्लॅश येतो तेव्हा डेस्कवर काय असतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. फोन वाजत असतात, प्रत्येक जण वेगळं सांगतो, आणि तुमच्या एका शब्दावरून उद्या नोटीस येऊ शकते. "गोळीबार" हा शब्द लिहिण्याआधी कुणीतरी जबाबदार माणसानं तो उच्चारलेला असावा लागतो. फटाके असू शकतात, स्पीकरचा आवाज असू शकतो. गर्दीत गोळीबाराची खोटी बातमी पसरली तर चेंगराचेंगरीत माणसं मरतात. माझ्या ज्येष्ठांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की कानानं ऐकलंस तर "आवाज" लिही, पोलिसांनी सांगितलं तर "गोळी" लिही. "मोठे आवाज झाल्यानंतर" हा मथळा मीसुद्धा तसाच दिला असता. जो माणूस तो मथळा देतो त्याला पक्षपाती म्हणणं अन्याय आहे.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. पत्रातलं "पुरावा नाही" हे वाक्य मथळ्यात घेता येत नसेल, पण पहिल्या परिच्छेदात तरी हवंच. तो डेस्कचा दोष आहे आणि मोठा आहे.

बटलरकर

ताई, तुमचं बरोबर आहे, "आवाज" या शब्दापुरतं मी मागे घेतो. ऐकू आलं तेवढंच लिहिलं, त्यात खोट काढता येणार नाही. रात्रपाळीचा अनुभव असलेल्या माणसाशी यावर वाद घालायची माझी पात्रता नाही.

पण "पडल्यानंतर" या शब्दाचं काय? "आवाज" हे कानांनी ऐकलेलं आहे. "पडले" हा निष्कर्ष आहे. माणूस कानाला हात लावून खाली बसतो आणि चार जण त्याच्यावर पडतात, त्याला "पडले" म्हणायला मनात आधीपासून काहीतरी असावं लागतं. तुमच्याच ज्येष्ठांच्या नियमानं बघा. डोळ्यांनी पाहिलं ते "खाली बसले" किंवा "खाली वाकले". माझा मुलगा काही राजकारणातला नाही, त्यानं मथळा वाचून सरळ विचारलं, पडले का? म्हातारा अडखळून पडला असं चित्र त्याच्या मनात उभं राहिलं. मथळा मनात चित्र उभं करतो, आणि पुढची दुरुस्ती ते चित्र पुसू शकत नाही.

आता याच्या उलट बाजू. त्याच उन्हाळ्यात बायडन यांच्या थकव्याचे व्हिडिओ फिरत होते, तेव्हा व्हाइट हाउसनं ते कापून-जोडून केलेले स्वस्त बनाव आहेत असं सांगितलं आणि कित्येक मोठ्या माध्यमांनी ते तसंच पुढं दिलं. फेब्रुवारीतच विशेष वकील रॉबर्ट हर यांनी अहवालात बायडन यांच्या स्मरणशक्तीबद्दल लिहिलं होतं, त्यावर उलट हर यांच्यावरच टीका झाली. मग २७ जूनला अटलांटात सीएनएनच्याच स्टुडिओत वादसभा झाली, सगळ्यांनी पाहिलं, आणि २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. मी स्वतः हे वर्षभर मित्रांना सांगत होतो. माझे वडील ८४ वर्षांचे होऊन गेले. वाक्याच्या मध्यात म्हातारं माणूस हरवतं तेव्हा ते कसं दिसतं हे घरात पाहिलेल्याला कळतं. त्याला व्हिडिओ कापावा लागत नाही.

जुना_बंदोबस्त

माध्यमांचं तुम्ही बघा. मी मुंबई पोलिसांतून निवृत्त आहे, सभांच्या बंदोबस्तात उभी हयात गेली, म्हणून बटलरचं वाचलं तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

सभेच्या जागेची पाहणी करताना आमचे साहेब पहिल्यांदा मान वर करायचे. गच्च्या किती, कोणत्या, चावी कुणाकडे. मंचावर नजर पोचते अशी प्रत्येक गच्ची एकतर रिकामी करून कुलूप, नाहीतर वर आपला माणूस. गणपतीत लालबागला गेलात तर बघा, गच्चीवर टोपी दिसतेच. ही काही फार मोठी विद्या नाही, हवालदारालाही ठाऊक असते. बटलरला मंचापासून सुमारे १३० मीटरवरचं छत मोकळं होतं. गोळ्या झाडणारा तो मुलगा त्या दुपारी तिथं ड्रोन उडवून गेला होता. त्या वेळी सीक्रेट सर्व्हिसचं ड्रोन ओळखायचं यंत्र चालू नव्हतं. स्थानिक पोलिसांनी त्याला हेरलं, फोटो काढले, हातात अंतर मोजायची दुर्बीण आहे हेही पाहिलं. पण स्थानिकांचा कंट्रोल वेगळा, सीक्रेट सर्व्हिसचा वेगळा, वायरलेसही वेगळे. एकाचं दुसऱ्याला वेळेत पोचलं नाही. आणि तो छतावर आहे असं लोक ओरडून सांगत असताना भाषण चालू राहिलं. आठ गोळ्या सुटल्या. एक माणूस गेला, दोघं जबर जखमी झाले.

नंतर सीक्रेट सर्व्हिसच्या तेव्हाच्या प्रमुख बाई टीव्हीवर म्हणाल्या की ते छत उतरतं होतं म्हणून सुरक्षेच्या विचारानं वर माणूस ठेवला नाही. मंचामागे त्यांचेच नेमबाज उतरत्या छतांवर पालथे पडलेले होते! हे ऐकून मी जेवणावरून उठलो. २३ जुलैला त्यांनी राजीनामा दिला. प्रतिनिधी सभेनं ४१६ विरुद्ध ० मतांनी चौकशीसाठी दोन्ही पक्षांची समिती नेमली, आणि डिसेंबरात समितीनं लिहिलं की हा प्रकार टाळता आला असता.

सगळ्यात वाईट वाटतं ते पुढचं. १० सप्टेंबर २०२५ला युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत उजव्या चळवळीतले कार्यकर्ते चार्ली कर्क यांना मारलं, तेही छतावरूनच, साधारण तेवढ्याच अंतरावरून. तिथं सीक्रेट सर्व्हिस नव्हती, कॉलेजचे मोजके पोलिस होते, त्यांना दोष देत नाही. पण चौदा महिन्यांपूर्वी एवढं घडून गेल्यावर उघड्यावरच्या सभेत कुणी वर बघत नाही?

तळ्याकाठी

+१. आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत बटलर बातम्यांतून गेलंच होतं. माजी राष्ट्राध्यक्षाच्या कानाला गोळी घासून जाते आणि तीन महिन्यांत कुणी विचारत नाही. दुसऱ्या बाजूच्या उमेदवारावर झाली असती तर?

लकडीपूल

मी पुण्याचा. अमेरिकेच्या निवडणुकीतलं मला फारसं कळत नाही, पण "संशयाचा फायदा माणूस बघून" या वाक्यावर एक आपल्या घरचं उदाहरण आठवलं.

फेब्रुवारी २०२०मध्ये टॉम कॉटन या रिपब्लिकन सिनेटरनं प्रश्न विचारला की हा विषाणू वुहानच्या प्रयोगशाळेतून तर सुटला नसेल? त्यांनी "पुरावा नाही, पण विचारायला हवं" असंच म्हटलं होतं. वॉशिंग्टन पोस्टच्या मथळ्यात मात्र आलं की ते आधीच खोडून काढलेला कटाचा सिद्धान्त पुन्हा उगाळतायत. कुणी खोडून काढला होता? कधी? तोपर्यंत कुणीच तपासला नव्हता. तो मथळा त्या पेपरनं दुरुस्त केला मे २०२१मध्ये, सव्वा वर्षानं. फेसबुकही त्याच महिन्यापर्यंत विषाणू माणसानं बनवलाय असं म्हणणाऱ्या पोस्ट काढून टाकत होतं.

त्या सव्वा वर्षात आपल्या पुण्यात काय चाललं होतं बघा. आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. मोनाली रहाळकर आणि बाएफ या कृषी-संशोधन संस्थेतले त्यांचे पती डॉ. राहुल बहुलीकर, दोघंही घरी बसून शोधनिबंध चाळत होते. त्यांना युनानमधली मोजियांगची जुनी तांब्याची खाण सापडली. एप्रिल २०१२मध्ये तिथं वटवाघळांची विष्ठा काढणारे सहा कामगार न्यूमोनियासारख्या आजारानं आजारी पडले, तिघं मेले. वुहानच्या प्रयोगशाळेनं त्याच खाणीतून नमुने नेले होते, आणि कोविडच्या विषाणूचा तेव्हा ज्ञात असलेला सगळ्यात जवळचा नातलग त्यातलाच. या जोडप्यानं २०२०मध्येच त्यावर निबंध लिहिला. नोव्हेंबरात वुहानच्या शास्त्रज्ञांनी नेचरमध्ये पुरवणी देऊन त्या खाणीचा संबंध मान्य केला.

विषाणू प्रयोगशाळेतूनच आला असं मी म्हणत नाही, ते आजही सिद्ध नाही. सीआयएनं जानेवारी २०२५मध्ये त्या बाजूला कल दाखवला तोही कमी खात्रीनं. पण आघारकर काय, आमच्या लॉ कॉलेज रस्त्याजवळच आहे. तिथली एक शास्त्रज्ञ जो प्रश्न रीतसर विचारते, तो वॉशिंग्टनच्या मोठ्या पेपरला "खोडून काढलेला" वाटतो, कारण तो पहिल्यांदा विचारणारा माणूस त्यांना आवडत नव्हता. याचा मला राग आहे, आणि या रागात डावं-उजवं काही नाही.

उपसंपादिका

हे उदाहरण पटलं. "खोडून काढलेला" हे विशेषण वापरताना कुणी खोडलं ते पुढच्या वाक्यात यायलाच हवं. नाही आलं तर विशेषण काढायचं.

दोन्हीकडून

सगळं वाचलं. आता दुसरी बाजू ऐकायची तयारी असेल तर लिहितो.

मी न्यू जर्सीत २० वर्षं आहे, डेमोक्रॅट. २०२०च्या निवडणुकीनंतर फॉक्स न्यूजवर आठवडेच्या आठवडे डॉमिनियनच्या मतदान यंत्रांनी मतं चोरली असं सांगितलं गेलं. खटल्यात आतले संदेश बाहेर आले, तेव्हा कळलं की जे निवेदक आणि मालक हे पडद्यावर चालू देत होते त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. प्रेक्षक दुसरीकडे जातील ही भीती होती. एप्रिल २०२३मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर भरून तडजोड केली. सीएनएननं दहा मिनिटं "पडले" लिहिलं. यांनी माहीत असून खोटं चालवलं. बटलरकर, तुमच्या मापात हे कुठं बसतं?

दुसरं. तुमच्या पोस्टमध्ये सीमेच्या आलेखाचा उल्लेख आला. १९ सप्टेंबर २०२५ला ट्रम्प यांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लावलं. त्या शनिवारी सुट्टीवर भारतात गेलेली आपली मुलं मिळेल त्या भावात तिकीट काढून परत धावली, विमानात बसलेले उतरले. माझ्या भाच्यानं आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी घर सोडलं. त्याच शनिवारी खुलासा आला की जुन्या व्हिसाधारकांना लागू नाही. हे ज्यांनी केलं त्यांना तुम्ही मत दिलंत. माध्यमांच्या मापाचं बोलताना स्वतःच्या बाजूचंही माप काढा.

बटलरकर

रागानं लिहिलंय, पण खरं लिहिलंय. उत्तर देतो.

डॉमिनियनबद्दल माझ्याकडे बचाव नाही आणि मला तो करायचाही नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये मी रात्री रात्री ते कार्यक्रम पाहिले आहेत. माझ्या वडिलांनाही फोनवर सांगितलं होतं की यंत्रांत काहीतरी गडबड आहे. ते २०२२मध्ये गेले. ते संदेश बाहेर आले तोवर त्यांना "मी चूक सांगितलं होतं" हे सांगायची संधी राहिली नव्हती. माझ्या बाजूच्या वाहिनीनं मला जाणूनबुजून फसवलं. पैसे डॉमिनियनला मिळाले, तेही योग्यच. प्रेक्षकाला कुणी विचारलं नाही.

फरक एवढाच दिसतो की फॉक्स उजव्यांचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. दुकानावर पाटी आहे. न्यूयॉर्क टाइम्स, एनपीआर, सीबीएस आम्ही निष्पक्ष अशी पाटी लावतात. एनपीआरमध्ये २५ वर्षं काम केलेल्या ऊरी बर्लिनर यांनी एप्रिल २०२४मध्ये लिहिलं की वॉशिंग्टनच्या संपादकीय विभागात मतदारनोंदणी पाहिली तर ८७ डेमोक्रॅट सापडले आणि रिपब्लिकन एकही नाही. त्यांना निलंबित केलं, मग त्यांनी राजीनामा दिला. ८७ चांगली, शिकलेली, प्रामाणिक माणसं एका खोलीत बसली तरी काही प्रश्न त्या खोलीत कुणाला सुचणारच नाहीत. जिथं दीड-दोनशे मैलांत सगळे एकाच विचाराचे भेटतात तिथं "पडले" हा शब्द कुणाला खटकत नाही, कारण खटकणारा माणूसच नसतो. गॅलपच्या पाहणीत १९७६मध्ये ७२ टक्के अमेरिकनांचा माध्यमांवर विश्वास होता. २०२५मध्ये तो २८ टक्के होता, रिपब्लिकनांत ८. हा आकडा एका ट्रम्पनं केला असं मला वाटत नाही.

एच-१बीचं. मी २००१ला एच-१बीवरच आलो. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझी ११ वर्षं गेली, त्या काळात नोकरी बदलायची छाती झाली नाही. म्हणूनच सीमेवरचा आकडा मला झोंबतो. २०२३च्या आर्थिक वर्षात नैऋत्य सीमेवर जवळपास २४ लाख ७५ हजार वेळा लोक अडवले गेले. रांगेत उभ्या असलेल्याला हे बोचतं, त्यात कुणाचा द्वेष नाही. पण तुमच्या भाच्याच्या बाबतीत जे झालं ते चूक होतं. शुक्रवारी संध्याकाळी फतवा आणि शनिवारी खुलासा, ही कारभाराची रीत नव्हे. रांगेत उभ्या असलेल्यालाच धक्का दिला. मी आमच्या खासदाराच्या कार्यालयात तसं लेखी कळवलं आहे. श्राद्ध चुकलं याचं फार वाईट वाटलं, त्याला माझ्याकडून सांगा.

तळ्याकाठी

मग आता सरकार जे करतंय ते? सप्टेंबर २०२५मध्ये एफसीसीच्या, म्हणजे प्रसारणाचे परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अध्यक्षांनी इशारा दिला आणि एबीसी वाहिनीनं विनोदवीर जिमी किमेलचा कार्यक्रम थांबवला. माझ्या ओळखीतले सगळे उजवे खूश झाले. मी पण.

बटलरकर

मी नाही झालो. किमेल मला आवडत नाहीत, कर्क यांच्या हत्येनंतर ते जे बोलले ते तर अजिबातच नाही. पण परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यानं वाहिनीला धमकावणं वेगळं. टेड क्रूझ यांच्यासारख्या कट्टर रिपब्लिकन सिनेटरनंही त्याला उघड विरोध केला. आठवड्याच्या आत कार्यक्रम परत आला ते बरं झालं. ऑक्टोबरात पेंटागॉननं वार्ताहरांसाठी नवी नियमावली काढली तेव्हाही फॉक्स आणि न्यूजमॅक्सनं सही करायला नकार दिला आणि इतरांबरोबर ओळखपत्रं परत केली. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. २०२०मध्ये न्यूयॉर्क पोस्टचं तोंड दाबलं म्हणून मी ओरडलो. आज तोंड दुसऱ्याचं आहे म्हणून मी गप्प बसलो तर तागडीखाली मीच काहीतरी चिकटवलं असं होईल.

उपसंपादिका

बटलरकर, एक विचारू? तुमच्या शेजारचे नवरा-बायको सभेला गेले होते ना, ते सुखरूप होते? कुणी विचारलंच नाही.

बटलरकर

हो ताई, सुखरूप. रात्री साडेनऊला आले. गाड्यांची कोंडी सुटायलाच दोन तास लागले. माझी बायको वरण-भात घेऊन गेली. ते दोघं स्वयंपाकघरात उभेच होते, बसत नव्हते. तिच्या पांढऱ्या बुटांना चिखल लागला होता, तो ती ओल्या कागदानं पुसत राहिली, बूट कधीचे स्वच्छ झाले तरी.

गेला तो माणूस, कोरी कॉम्परेटोर, बफेलो टाउनशिपच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा माजी प्रमुख. बायको-मुलींना आडोसा देताना त्याला गोळी लागली. त्या आठवड्यात आमच्या भागात रस्त्यांवर झेंडे अर्ध्यावर होते आणि दलाच्या गाड्यांवर काळी कापडं. मी त्याला ओळखत नव्हतो. पण इथं स्वयंसेवी दल म्हणजे शेजारीच असतात. माझ्या घराच्या चिमणीला आग लागली होती तेव्हा जे तिघं आले त्यांत एक गॅरेजवाला होता, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर.

सोमवारी सकाळी मी आमच्या काउंटीचा बटलर ईगल आणायला गेलो. एरवी मी तो घेत नाही. पेट्रोल पंपावर अंक संपले होते, दुसऱ्या दुकानात शेवटचे दोन मिळाले. त्यांचे वार्ताहर शनिवारी मैदानावरच होते. मी गाडीतच बसून सगळा वाचला. कोण कुठं उभं होतं, काय दिसलं, कुणी काय सांगितलं. एक अंक शेजारच्यांना दिला. दुसरा कपाटात आहे, मुलाच्या त्या स्क्रीनशॉटची प्रिंट त्यातच घडी करून ठेवली आहे.